भिंतीकडे तोंड केलेली पाटी

गेल्या महिन्यात आमचे गेवराईचे मालक मला भेटायला औरंगाबादला आले. मालक म्हणजे घरमालक; बी.ए.ची तीन वर्षं मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत राहिलो. मला भेटायला आले असं मी म्हणतो, पण खरं तर ते आले होते इंटरनेटवर लाइव्ह चित्र कसं येतं ते बघायला. मी विद्यापीठात एम.ए. करतो म्हणजे मला त्यातलं माहीत असणार, अशी त्यांची समजूत. मला काही माहीत नव्हतं. मी त्यांना एका सायबर कॅफेत नेलं.

कॅफेवाल्याने कुठल्याशा थंड देशातला एक चौक लावून दिला. तिथे खांबावर कॅमेरा बसवलेला आहे आणि तो चोवीस तास तो चौक जगाला दाखवतो, असं त्याने सांगितलं. चित्र वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उतरलं. आधी आभाळ, मग इमारती, मग रस्ता, आणि रस्त्यात लाल कोट घातलेला एक माणूस, एक पाय उचललेला. तिथे ते थांबलं. मालक दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. एक मिनिट गेलं, दोन गेली.

"ह्याचा पाय कवा खाली येणार?" त्यांनी विचारलं.

"लाइन स्लो आहे काका. येईल," कॅफेवाला म्हणाला.

मालकांनी पाच सेकंद घेतले. मग म्हणाले, "अडकलं तर पाटी लावावी. माणसाला असं एका पायावर उभं ठेवू न्हाई."

कॅफेवाला हसला. मी हसलो नाही, कारण ती पाटी कुठली ते मला माहीत आहे. एका पायावर उभं राहणं म्हणजे काय तेही माहीत आहे. म्हणून हे लिहायला बसलो आहे. नीट जमेल की नाही ठाऊक नाही.

त्यांच्या पाच सेकंदांचं आधी सांगतो. मालकांचा धंदा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा आणि केबलचा. त्या वर्षांत गेवराईत घरोघर केबल आली होती, आणि मालकांनी सरकारी आणि परदेशी चॅनेलांच्या शेजारी स्वतःचं एक गावचं चॅनेल सुरू केलं होतं. त्यांच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. वडील गेल्यावर त्यांनी ठाणं आवरली आणि त्याच फडताळांत कॅसेटी लावल्या. शूटिंगच्या कॅमेऱ्यातली टेप सुरू केली की तिला एका गतीला यायला पाच सेकंद लागतात. तेवढ्यात जे बोललं जातं ते पुढे टेप जोडताना वाया जातं. म्हणून शूटिंगवाले बोट वर करून सगळ्यांना पाच सेकंद गप्प बसवतात. मालकांनी ही रीत कॅमेऱ्यापुरती ठेवली नव्हती. त्यांना काहीही विचारलं तरी ते आधी पाच सेकंद गप्प राहायचे. भाजीवाली "किती घालू?" म्हणून विचारायची आणि तेवढ्यात दुसऱ्या दोन गिऱ्हाइकांना वाटेला लावून परत त्यांच्याकडे वळायची.

"लग्नाला होय म्हणायला बी पाच सेकंद घेतले ह्यांनी," मालकीणबाई सांगायच्या. "माझे वडील घामाघूम झालते."

"टेप फिरू द्यावी," मालक म्हणायचे. तेही पाच सेकंदांनी.

लोक हसायचे. मला मात्र त्यांच्यासमोर बरं वाटायचं. मला बोलायला वेळ लागतो. तोतरा नाही मी, पण पहिला शब्द घशात अडून बसतो, आणि समोरचा माणूस वाट बघतोय असं दिसलं की आणखी घट्ट बसतो. मालकांसमोर तसं व्हायचं नाही. माझा शब्द सुटायचा तेव्हा त्यांचे पाच सेकंद अजून चालूच असायचे.

खोली देताना त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले होते. "डोळे चांगले हायेत का?" आणि "खरं बोलतो का?" दोन्हीला मी मान हलवली. मग त्यांनी खोलीच्या कोपऱ्यात एक छोटा काळापांढरा टीव्ही आणून ठेवला आणि माझं काम समजावलं. रोज संध्याकाळी त्यांच्या चॅनेलचा कार्यक्रम सुरू झाला की मी तो बघायचा आणि चित्र स्वच्छ आहे की पडद्यावर मुंग्या आल्या ते सांगायचं. वायर कुठे ढिली झाली किंवा तुटली की टीव्हीवर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा तो खळखळाट येतो, त्याला आपण मुंग्या म्हणतो. मुंग्या हा मालकांचा जन्माचा वैरी. त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. जिन्यातून आवाज यायचा, "प्रेक्षक, कसं दिसायलंय?"

त्या टीव्हीला आणि मालकांच्या सगळ्या सामानाला ट्रकच्या बॅटऱ्यांवर चालणारा इन्व्हर्टर जोडलेला होता. गेवराईत लाईट दिवसातून चार-पाच वेळा जायची. लाईट गेली की गावातले सगळे टीव्ही बंद. पण मालकांचं चॅनेल चालूच. एकदा नगरपालिकेसमोरच्या कबड्डीच्या सामन्यांचं ते लाइव्ह प्रक्षेपण करत होते आणि उपांत्य सामन्याच्या सुरुवातीलाच गावाची लाईट गेली. सव्वा तास आली नाही. मालकांनी सव्वा तास दोन कॅमेऱ्यांनी सामना दाखवला, मध्ये गुणफलक दाखवला, शिंपी गल्लीच्या संघाची पकड दोनदा जवळून दाखवली. गावात तो बघणारा माणूस एकच होता, आणि तो मी. खोलीत कंदील लावून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी धीर करून विचारलं, "मालक, कुणी बघतच नव्हतं, मग बंद का नाही केलं?"

पाच सेकंद. "बघणाराचा टीव्ही बंद पडला म्हणून आपण बंद पडायचं का? लाईट सरकारकडून तुटली. आपल्याकडून तुटलं न्हाई."

हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. आपल्याकडून तुटलं न्हाई. चॅनेल सुरू झाल्यापासून एकदाही नाही, असं ते सांगायचे आणि ते खरं होतं.

पाटी मात्र त्यांनी पहिल्या दिवसापासून करून घेतलेली होती. सरकारी टीव्हीकडे असते म्हणजे आपल्याकडेही असावी, एवढाच हिशेब. पेंटरकडून निळ्या पत्र्यावर पिवळ्या ठसठशीत अक्षरांत लिहून घेतलं होतं, 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व'. खालच्या खोलीत ती एका खिळ्यावर टांगलेली असायची, भिंतीकडे तोंड करून. दिसायचा तो फक्त तिचा गंजलेला पाठीमागचा भाग. लाइव्ह कार्यक्रमाला जाताना ते ती गोणपाटात गुंडाळून बरोबर न्यायचे आणि एका जुन्या कॅमेऱ्यासमोर उभी करायचे. त्या कॅमेऱ्याचा झूम अडकलेला होता, त्यामुळे त्याला दुसरं काही कामच नव्हतं. तो दिवसभर पाटीकडे बघत उभा असायचा. कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र गावाला जायचं ते मिक्सरच्या बटणांवर ठरायचं; त्यातलं तीन नंबरचं बटण दाबलं की गावाला पाटी दिसली असती. ते बटण त्यांनी कधी दाबलं नव्हतं. त्याच्यावरचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा काढलेला नव्हता.

खंडेनवमीला सगळ्या सामानाची पूजा व्हायची. कॅमेरे, मिक्सर, व्हीसीआर, शिडी, वायरमन रशीदभाईची पक्कड, सगळं सतरंजीवर मांडायचं. मालक विभूती डाव्या हाताने लावायचे, कारण उजवा हात कॅमेऱ्याच्या काचेला लागतो आणि काचेवर राख गेली तर देव काही ती पुसायला येत नाही, असं त्यांचं म्हणणं. रशीदभाई दरवर्षी दारात बसून सांगायचे, "माझ्या पकडीला डबल लावा मालक, गच्चीवर तीच माझ्यासंगं असते." सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांना झेंडू. पाटीला नाही. ती सतरंजीवर यायची, पण पालथी.

"तिला का नाही?" मी पहिल्या वर्षी विचारलं होतं.

"ती कामाची वस्तू न्हाई," मालक म्हणाले होते.

आता माझं सांगतो. आबा, म्हणजे माझे वडील, गावाजवळच्या खडी क्रशरवर कामाला आहेत. शाळेत ते गेलेले नाहीत. आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिला माणूस मीच. मला मास्तर व्हायचं होतं, म्हणजे अजूनही व्हायचं आहे. दुसऱ्या वर्षाच्या मकरसंक्रांतीला गावी गेलो तेव्हा चुलते ट्रक घेऊन आले होते. त्यांनी माझ्यासाठी मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर गल्ल्यावर बसायची जागा बघून ठेवली होती.

"चांगली जागा हाय," चुलते म्हणाले. "बोलायचं काम न्हाई. कोण कुठल्या बाजेवर बसला तेवढं बघायचं. ह्याच्यासाठीच केल्यावानी."

मी काहीतरी बोलणार होतो. शब्द आला नाही.

आबांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. "तुला मास्तर व्हायचंय. मास्तराला बोलावं लागतंय बाबा. तू पाहुण्यासमोर भाकर मागायची तर आईकडं बघतो. पोरं कशी शिकवशील?"

मी कसंबसं सांगितलं की कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये वक्तृत्व स्पर्धा आहे आणि मी नाव दिलंय. नाव दिलं नव्हतं. ते मी परत गेल्यावर दिलं.

"आमचे मालक ते केबलवर लाइव्ह दाखवणार आहेत," मी म्हणालो.

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मग मी स्टँडसमोरच्या हाटेलात बसून बघतो. तिथं आलो तर तू माझ्याकडंच बघत बसशील. नीट बोलला तर शिक. न्हाई जमलं तर परीक्षेनंतर मांजरसुंबा. मग कुरकुर करायची न्हाई."

हे सगळं मी मालकांना सांगितलं नव्हतं. पण जिन्याखाली राहणाऱ्या माणसाला माडीवरचं सगळं ऐकू येतं. पंधरा दिवस मी खोलीत तेच भाषण म्हणत होतो. विषय होता, 'विसाव्या शतकाने आम्हाला काय दिले'. मराठीच्या सरांनी लिहून दिलेलं, भारदस्त शब्दांचं भाषण. एकटा असलो की घडाघडा म्हणायचो.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मालक वर आले. त्यांच्या हातात कॅमेऱ्यावर बसवायचा लाल दिवा होता. मोपेडच्या मागच्या दिव्याची काच आणि आत टॉर्चचा बल्ब, असा तो त्यांनीच केलेला. ज्या कॅमेऱ्याचं चित्र गावाला दिसतंय त्याच्यावरचा दिवा लागतो.

"प्रेक्षक," ते म्हणाले, "हा लागला म्हणजे गाव बघायलंय. इझला म्हणजे कुणी बघत न्हाई. ध्यानात ठेवा."

मला वाटलं, दिव्याकडे बघून बोल असं सांगायचं असेल.

कॉलेजच्या हॉलमध्ये दुपारी दीड वाजता माझं नाव पुकारलं. हॉलपासून मालकांच्या घरापर्यंत वायर गच्च्यांवरून, बांबूंवरून नेलेली होती, आणि पाण्याच्या टाकीपाशी रशीदभाई सकाळपासून राखण करत बसले होते. मालक स्टेजच्या विंगेत मिक्सरपाशी होते. त्यांनी पाचही बोटं वर केली आणि एकेक मिटवली. समोरच्या कॅमेऱ्यावरचा दिवा लागला. लाल.

"अध्यक्ष महाशय," मी म्हणालो, "पूज्य गुरुजन वर्ग आणि..."

तिथे थांबलो.

"माझ्या बंधू आणि भगिनींनो" हे पुढचे शब्द मला माहीत होते. ते घशात होते. मी दिव्याकडे बघितलं आणि त्या लाल काचेमागे मला स्टँडसमोरचं हॉटेल दिसलं, उंच फळीवर ठेवलेला टीव्ही, आणि त्याच्याखाली टोपी काढून मांडीवर ठेवलेले आबा. मग काहीच सुटेना. हॉलमध्ये मागच्या बाकांवरून कुणीतरी म्हणालं, "बोल की बे," आणि पोरं पाय आपटायला लागली. एका सरांनी त्यांना गप्प केलं. ती गप्प झाली हे त्याहून वाईट होतं.

मग दिवा विझला.

मी दुसऱ्या कॅमेऱ्याकडे बघितलं. त्याचाही दिवा विझलेला. विंगेत बघितलं. मालकांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी चष्मा काढला होता आणि धोतराच्या सोग्याने काच पुसत होते. आधी एक, मग दुसरी, मग परत पहिली. जणू दुपारभर दुसरं काही करायचं नव्हतं. कुणी बघत नाहीये, माझ्या मनात आलं. आबा बघत नाहीयेत. गाव नाही. आणि ते मनात आल्याबरोबर मला माझी माडीवरची खोली आठवली, लाईट गेल्यावरची.

मी बोलायला लागलो. सरांनी लिहून दिलेलं नाही. ते कुठे गेलं कोण जाणे. मालकांना रोज संध्याकाळी सांगायचो तसं सांगायला लागलो. म्हणालो, विसाव्या शतकाने आमच्या गावाला खांब दिले, तारा दिल्या, आणि करंट अधूनमधून दिला. आमच्या घरमालकांनी सव्वा तास कबड्डी दाखवली आणि ती मी एकट्याने बघितली, तर ती दाखवली असं म्हणायचं की नाही? मागच्या बाकांवर हसू आलं. ते मघाच्या पाय आपटण्यासारखं नव्हतं. विंगेत एक हात वर गेला, पाच बोटं, एकेक करून मिटली, आणि समोरचा लाल दिवा परत लागला. मी तो बघितला. थांबलो नाही. शाळा दिली ती कशी, रस्ता दिला तो कुणाच्या हातच्या खडीचा, असं करत करत वेळ संपल्याची घंटी वाजली तेव्हा माझं अर्धं सांगायचं राहिलं होतं.

मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. एक पेन. ते माझ्याकडे आहे.

मी पळत स्टँडवर गेलो. आबा हॉटेलाबाहेर उभे होते. माझ्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, आजूबाजूला लोक होते म्हणून असेल.

"मांजरसुंब्याला न्हाई म्हणून सांगतो," ते म्हणाले.

मी तिथल्या कट्ट्यावर बसलो.

"सुरवातीला तू हात जोडलेला दिसला," आबा म्हणाले. "मग येक निळी पाटी लावली होती. दोनेक मिनटं. मग एकदम तू बोलत होता. ते काय लिवलं होतं पाटीवर? मला वाटलं, तुझं नाव असंल."

मी खाली बघितलं. खरं सांगायचं तर मी मधे अडलो होतो हेही सांगावं लागलं असतं. आबांनी परत विचारलं नाही. गाडी लागली आणि ते गेले.

घरी आलो तर दारात रशीदभाई हातात पक्कड घेऊन उभे होते. मालकीणबाई त्यांच्या आणि मालकांच्या मधे उभ्या होत्या.

"वायर कुठं तुटली? दाखवा ना मला," रशीदभाई म्हणत होते. "सकाळपसून टाकीपाशी बसलो मी. वायरीवर कबुतर बसू दिलं न्हाई. आन् सगळा बाजार म्हणायलाय, रशीदची वायर तुटली."

मालकांनी पाच सेकंद घेतले. "तुटली होती. जोडली."

"कुणी जोडली? मी न्हाई जोडली."

"आपली आपण जोडली गेली," मालक म्हणाले आणि आत गेले.

मी त्यांच्या मागे गेलो. आभार कसे मानायचे ते वाटेत जुळवलं होतं. "मालक, आज तुम्ही ती पाटी..."

"वायर तुटली होती, प्रेक्षक," ते म्हणाले. "योगायोग."

मला तसंच वाटायला लागलं. खरंच तुटली असेल, आणि नेमकी माझ्या वेळेला. दुसऱ्या दिवशी मिक्सरकडे बघितलं तर तीन नंबरच्या बटणावरचा प्लॅस्टिकचा कागद फाटलेला होता. पण वायर तुटली तर पाटी लावायची, बटण तर दाबावंच लागणार.

गावाने मालकांची बरीच थट्टा केली. न्हाव्याच्या दुकानात, चावडीवर, लग्नांच्या मांडवात. "काय केबलवाले, शेवटी तुटली का न्हाई?" मालक पाच सेकंदांनी म्हणायचे, "तुटली. आपल्याकडूनच तुटली." आणि तेव्हापासून लाईट गेल्यावर माझ्या दारात येऊन ते पूर्वीसारखं "आपल्याकडून तुटलं न्हाई" म्हणाले नाहीत. "कसं दिसायलंय?" विचारायचे. मी "स्वच्छ आहे" म्हणायचो. ते मान हलवून खाली जायचे. त्या वाक्याची मला इतकी सवय झाली होती की ते न म्हटलेलं ऐकू यायचं.

आठ महिने असे गेले. मग खंडेनवमी आली.

त्या दिवशी आबा ज्वारीचं पोतं घेऊन आले होते. खालच्या खोलीत सतरंजीवर सामान मांडलेलं, रशीदभाई दारात, मालकीणबाई पेढे घेऊन. रशीदभाई आले होते, पण मालकांशी तुटक बोलायचे. आबा टोपी हातात घेऊन सगळं बघत होते. कॅमेऱ्यांपाशी थांबले, मिक्सरपाशी थांबले. मग सतरंजीच्या कडेला पालथ्या पडलेल्या पत्र्यापाशी आले.

"ही कावून पालथी?" म्हणत त्यांनी ती सुलटी केली. निळा पत्रा, पिवळी अक्षरं.

"हीच ती," आबा म्हणाले. "हिला कुंकू कावून न्हाई?"

मालकांनी पाच सेकंद घेतले. "ती कामाची वस्तू न्हाई."

"आमच्या तर कामाला आली," आबा म्हणाले, आणि वाकून करंड्यातलं कुंकू बोटाला लावून त्यांनी पाटीच्या वरच्या कडेला टेकवलं.

मला राहवलं नाही. "आबा, तिच्यावर माझं नाव नाही."

"ठाऊक हाय. हाटेलवाल्यानं तवाच वाचून दाखवलं."

"मग स्टँडवर मला का विचारलंत?"

"तू सांगतो का बघत होतो. तू खाली बघितलं. म्हणलं, ऱ्हाऊ दे."

"वायर तुटली होती," मालक म्हणाले. पाच सेकंद न घेता. मी त्यांना तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

आबा संकोचले. मोठ्या माणसाच्या घरात उभं राहून त्याला खोटं पाडणं त्यांना जमणारं नव्हतं. ते हळूच म्हणाले, "मालक, मी अडाणी माणूस. पण आमच्या क्रशरवर वायर तुटली की क्रशर बंद पडतंय. वायर तुटली आन् पाटी आली, असं कसं हुईल? पाटी बी वायरीतूनच आली ना? तुटली असती तर मुंग्या आल्या असत्या."

सगळ्या गावाने ती पाटी बघितली होती. तहसीलमधल्या साहेबांनी, आमच्या प्राध्यापकांनी, न्हाव्याने. दोन वर्षं रोज मुंग्या बघायचं काम करणाऱ्या मीसुद्धा हा विचार केला नव्हता.

रशीदभाईंच्या हातातला पेढा तसाच राहिला होता. "मालक," ते म्हणाले, "मग माझी वायर?"

मालकांनी पाच सेकंद घेतले. मी मोजले. "नव्हती तुटली, रशीदभाई."

"आठ महिने," रशीदभाई म्हणाले. "आठ महिने मी त्या न्हाव्याकडं गेलो न्हाई. घरी दाढी करून गाल बघा कसे झाले." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आबांकडे बघितलं, आणि पेढा तोंडात टाकला. "सांगायचं तरी ना. मीच तोडली असती की दोन मिनटं."

मालकीणबाई हसल्या, मग आबा, आणि मग मालकही, त्यांच्या वेळेने. रशीदभाई उठले, पाटी उचलली, खिळ्यावर टांगली. सरळ, अक्षरं बाहेर. कुंकवाचा ठिपका अजून ओला होता.

दुपारी लाईट गेली. पूजेचं चित्रीकरण चॅनेलवर चालू होतं. मी आबांना वर खोलीत नेलं आणि छोटा टीव्ही लावून दिला. ते खाटेवर मांडी घालून बसले. जिन्यात पावलं वाजली आणि मालक दारात येऊन उभे राहिले.

"स्वच्छ आहे," ते विचारायच्या आत मी म्हणालो. "मुंग्या नाहीत."

पाच सेकंद गेले.

"आपल्याकडून तुटलं न्हाई," मालक म्हणाले.

आबांनी टीव्हीवरची नजर न काढता मान हलवली. त्या दिवशी प्रेक्षक दोन होते.